सॉकेट जुळला, बोर्ड नाही

मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा असोद्यासारख्या गावात फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातला दहा-बारा वर्षांचा ब्रँडेड डेस्कटॉप मान टाकतो. पंखा फिरतो, स्क्रीन काळीच. निदान ठरलेलं: "भाऊ, बोर्ड गेला."

मदरबोर्ड गेला असेलही, पण आधी एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, तपासून घ्यावा. त्यातल्या कॅपॅसिटरमधला द्रव उष्णतेने हळूहळू उडून जातो. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की कॅपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. 105 अंशांना 2000 तास टिकणारा कॅपॅसिटर 65 अंशांना सुमारे 32,000 तास टिकेल, 75 अंशांना मात्र 16,000. रोज आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस मशीन चालू धरलं, तर तेरा वर्षांचे साडेसहा होतात. बंद खोलीतला उकाडा आणि जाळीवर साचलेली धूळ मिळून हे दहा अंश सहज भरून काढतात. अलीकडच्या बोर्डांवर बहुतेक घन पॉलिमरचे कॅपॅसिटर असतात, म्हणून बोर्डाआधी एसएमपीएसवर संशय घ्यायचा.

बोर्डच गेला असेल, तर खरी शोधाशोध सुरू होते. प्रोसेसरचा सॉकेट जुळला की झालं, हा समज पुरता चुकीचा. इंटेलचा 1151 सॉकेट 2015 मध्ये आला. 2017 च्या आठव्या पिढीलाही तोच आकडा होता, पण काही पिनांची कामं बदलली होती. सहाव्या पिढीच्या बोर्डात आठव्या पिढीचा प्रोसेसर बसतो, चालत नाही. रॅमचंही तसंच: डीडीआर3 ला 240 पिना, डीडीआर4 ला 288, खाचही वेगळ्या जागी.

ब्रँडेड मशीनची खोड याहून पुढची. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स हा मापांचा नमुना ठरवला, म्हणून असेंबल्ड कॉम्प्युटरमध्ये कोणाचाही बोर्ड कोणाच्याही केबिनेटात बसतो. कंपन्या मात्र आपापली वाट धरतात. डेलच्या ऑप्टिप्लेक्स 3020 किंवा 9020 चा एसएमपीएस पाहा. नेहमीच्या 24 पिनांऐवजी बोर्डाकडे जाणारा मुख्य जोड आठ पिनांचा. हा एसएमपीएस फक्त 12 व्होल्ट देतो; 5 आणि 3.3 व्होल्ट बोर्ड स्वतः तयार करतो, हार्ड डिस्कलाही तिथूनच वीज जाते. बाजारातला साधा बोर्ड आणला तर एसएमपीएस बदला, पुढच्या बटणाच्या वायरी नव्याने जुळवा, कधी मागचा पत्राही कापा. शिवाय 2012 नंतरच्या बहुतेक ब्रँडेड मशीनमध्ये विंडोजची किल्ली बोर्डातल्याच चिपमध्ये असते. बोर्डाबरोबर तीही जाते. एवढ्या खटाटोपापेक्षा त्याच मॉडेलचा जुना बोर्ड मिळवणं मला शहाणपणाचं वाटतं.

पण "ऑप्टिप्लेक्स 9020 चा बोर्ड द्या" एवढं सांगून भागत नाही. त्याच नावाच्या टॉवरचा आणि लहान केबिनेटचा बोर्ड वेगळा. बोर्डावर बारकोडची चिकटपट्टी असते. डेलच्या पट्टीवर सीएन आणि शून्यानंतरची पाच अक्षरं हा त्या बोर्डाचा पार्ट नंबर. एचपीचा सुटा भाग सहा आकडे, मग आडवी रेघ, मग तीन आकडे अशा नंबराने ओळखला जातो. टॉर्च मारून त्या पट्टीचा फोटो काढावा आणि जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फोन लावण्याआधी तोच पाठवावा.