मत्स्यपेटीतील अदृश्य पहारेकरी : जैविक माध्यम निवडताना काय पाहावे?

परभणी : घरात हौसेने मत्स्यपेटी आणली जाते, पाणी नितळ दिसते, मुले माशांना नावे ठेवतात; आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकेक मासा दगावू लागतो. दोष विक्रेत्याला किंवा नशिबाला दिला जातो. खरे कारण अनेकदा डोळ्यांना न दिसणाऱ्या अमोनियात दडलेले असते.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य कुजूनही तो तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच, परंतु दुसरे जिवाणू त्यापासून तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट बनवतात. हे जिवाणू प्रामुख्याने पृष्ठभागांना चिकटून वाढतात. त्यांना जागा आणि प्राणवायूयुक्त वाहते पाणी पुरवणे, हेच जैविक माध्यमाचे काम. ही वसाहत स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे मोजकेच सोडावेत, खाद्यही बेतानेच द्यावे.

पाणी आणि उन्हाळा

मराठवाड्यातील बेसॉल्ट खडकातून येणारे विंधन विहिरीचे पाणी बहुधा जड व अल्कधर्मी असते. पाण्याचा सामू ७ आणि तापमान २५ अंश असताना एकूण अमोनियापैकी अतिविषारी भाग एक टक्क्याहून कमी असतो; सामू ८ झाला की तो सुमारे पाच टक्क्यांवर जातो. तापमान वाढले की त्यात आणखी भर पडते. शिवाय २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू धरणारे पाणी ३५ अंशांना जेमतेम ७ मिलिग्रॅम धरते. पारा चाळिशी ओलांडणाऱ्या परभणीत म्हणूनच गाळणीची निवड जपून करावी लागते.

कोणते माध्यम उपयुक्त?

लहान पेटीसाठी हवेच्या पंपावर चालणारा स्पंज स्वस्त व भरवशाचा. तो जिवाणूंना थारा देतो, त्याच वेळी पाण्यात हवाही खेळवतो. सच्छिद्र सिरॅमिक कड्यांवर कमी जागेत मोठी वसाहत वसते. मात्र त्यांच्याआधी स्पंज हवा, अन्यथा गाळाने छिद्रे बुजतात. प्लास्टिकचे गोळे सहसा तुंबत नाहीत, परंतु तेवढ्याच जागेत त्यांचा पृष्ठभाग कमी भरतो. सक्रिय कोळसा रंग व वास शोषतो. तो वरचेवर बदलावा लागत असल्याने त्यावर विसंबू नये. शिंपले, प्रवाळ व संगमरवर पाण्याचा जडपणा वाढवतात. दगडावर लिंबाचा रस टाकून फेस आल्यास तो जड पाण्याच्या पेटीत वापरू नये.

धुताना घ्यावयाची काळजी

माध्यम नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्यात धुतल्यास महिनाभराची वसाहत काही मिनिटांत नष्ट होऊ शकते. पेटीतून काढलेल्या पाण्यातच ते हलकेच खळबळावे आणि सर्व माध्यम एकाच वेळी बदलू नये. वीज दीर्घकाळ गेल्यास बंद गाळणीतील प्राणवायू संपून जिवाणू मरू लागतात. अशा वेळी माध्यम काढून पेटीतच ठेवावे व बॅटरीवरील हवेचा पंप लावावा. वीज आल्यावर गाळणीतील साचलेले पाणी फेकूनच ती सुरू करावी.

महागडी गाळणी घेणे सर्वांना शक्य नसते, त्याची गरजही नसते. साधा स्पंज, थोडे मासे आणि महिनाभराचा धीर एवढ्यावरही पेटी नांदती राहू शकते.