उन्मादातील उपशयाचे मोजमाप

छिन्नमनस्कतेच्या (स्किझोफ्रेनिया) रुग्णास 'पन्नास टक्के उपशय मिळाला' असे विधान वाचनात येते तेव्हा, ते कोणत्या मापनश्रेणीने व कोणत्या हिशेबाने काढले, हे आम्ही प्रथम पाहतो.

ओव्हरॉल व गोरहॅम यांची १९६२ सालची 'बीपीआरएस' श्रेणी मूळची १६ लक्षणांची. पुढे ती १८ लक्षणांची झाली. संशय, भास, वैरभाव, क्षोभ हे ती उत्तम टिपते. परंतु दिवसभर कोपऱ्यात मूक बसणारा, स्नानभोजनाविषयी उदासीन असा रुग्ण तिच्या गुणांकनात सौम्य ठरण्याचा संभव असतो. घरच्यांना तर हीच अवस्था अधिक जड जाते. अँड्रियासन यांची 'सॅन्स' श्रेणी अशा अभावात्मक लक्षणांसाठीच आहे.

के, फिझबाइन व ऑपलर यांनी १९८७ साली मांडलेल्या 'पॅन्स' श्रेणीत ७ भावात्मक, ७ अभावात्मक व १६ सामान्य अशी ३० लक्षणे आहेत. मुलाखतीस वेळ व प्रशिक्षण दोन्ही लागतात. तरीही संशोधनासाठी आमची पसंती हिलाच.

मात्र येथे प्रत्येक लक्षणास १ ते ७ गुण असल्याने लक्षणरहित व्यक्तीचेही ३० गुण होतात. ९० गुणांचा रुग्ण ६० वर आला, तर घट ३३ टक्के नव्हे. ३० वजा करून ती ५० टक्के भरते. हे न केल्यास अन्याय आपल्याच औषधावर होतो!

उलट दिशेचा धोका अधिक गंभीर आहे. सर्पगंधेसारख्या शामक द्रव्याने क्षोभ व वैरभाव उतरतात, एकूण गुण घटतात; भ्रम मात्र तसाच राहू शकतो. म्हणून केवळ बेरीज न छापता लक्षणगटवार गुण द्यावेत व रुग्ण घेत असलेली आधुनिक औषधेही नोंदवावीत. औषधनिर्मात्यांनी माहितीपत्रकात आकडा घालण्यापूर्वी ही तालिका मागून घ्यावी. गुण घटले एवढ्यावरून चालू औषधे बंद करणे सर्वथा अनुचित होय.

चरकाचार्यांनी उन्मादात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार अशा आठांचा विभ्रम सांगितला आहे. अँड्रियासन प्रभृतींच्या २००५ सालच्या निकषांतही 'पॅन्स'मधील आठच लक्षणे आहेत. त्यांतील प्रत्येक लक्षण सहा महिने ३ किंवा त्याहून कमी गुणांवर राहिले, तरच शमन मानतात. संख्या जुळली तरी आशय जुळत नाही. दोहोंची नोंद स्वतंत्र स्तंभांत ठेवावी.