पट्टा ओरडायलाय

सकाळी ७.१५
गेवराईहून शेवगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून उमापुरात मिस्त्रीचं पत्र्याचं शेड आहे. शटर अर्धं वर. हाताखालचा पोरगा कालच्या सांडलेल्या ऑइलवर टाकलेला भुसा गोळा करतोय. नोव्हेंबर लागलाय, पहाटे दव पडतं, पाने हाताला गार लागतात. मिस्त्री ते गोणपाटावर मांडतो. रिंग पाने एका बाजूला, दुतोंडी पाने दुसऱ्या. मग टॉमी, पक्कड आणि मूठ तडकलेला एक लांब स्क्रूड्रायव्हर. या स्क्रूड्रायव्हरने तो स्क्रू कधीच फिरवत नाही.

७.४०
पिकअप दिसायच्या आधी ऐकू येते. लांबलचक, कान किटवणारी किंचाळी. शेडसमोर येईपर्यंत आवाज निम्मा होतो, मग थांबतो.

"मिस्त्री, पट्टा ओरडायलाय. पंधरा दिवस झाले नवा टाकून."

"कवा ओरडतो? चालू केल्यावर का चालताना?"

"सकाळी चालू केली की. रातच्याला लाइट लावली की बी."

गाडीवाला तिशीचा. व्यापाऱ्याचा कापूस गेवराईच्या जिनिंगला पोचवतो. आज गाडी उभी राहिली तर ९०० रुपयांचं भाडं जातं, हे तो उतरता उतरताच सांगतो. पट्ट्याला त्याने साबण लावलाय. वास येतोय.

मिस्त्री बॉनेट उघडतो आणि इंजिन बंद करायला लावतो. काही करायच्या आधी तो नुसता बघत उभा राहतो. मला वाटतं, त्याच्या कामाचा सर्वात महाग भाग हाच असावा, आणि त्याचा आकार बिलात कुठेच लागत नाही.

८.०५
या इंजिनात एकच पट्टा. खाली क्रँकची पुली, वर वॉटर पंपाची, बाजूला अल्टरनेटरची. क्रँक फिरतो, पट्टा बाकीच्या दोघांना फिरवतो. रात्रभर थंड पडलेली गाडी स्टार्टरने बॅटरीतून बरीच वीज ओढते. इंजिन लागलं की अल्टरनेटर ती भरून काढायला लागतो, म्हणजे त्याची पुली जड होते. त्यात पट्ट्यावर दवाचा ओलावा. पकड कमी असेल तर पट्टा पुलीवर घसरतो आणि ओरडतो. बॅटरी भरत आली की भार उतरतो, आवाजही उतरतो. हेडलाइट लावली की भार परत चढतो. गाडीवाल्याने सांगितलेल्या दोन्ही वेळांचा अर्थ मिस्त्रीला तेव्हाच लागला होता. तरी तो तपासतो.

आधी साबण. पट्टा फडक्याने पुसून घेतो, पुल्या डिझेलच्या बोळ्याने, मग कोरड्या फडक्याने. गाडीवाला म्हणतो, गिरणीवाले पट्ट्याला राळ लावतात, आमचा बाप लावायचा. बरोबर आहे. ऑइल इंजिनावरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा सपाट असायचा, राळेने त्याची पकड वाढायची. गाडीचा पट्टा मात्र व्ही आकाराचा. तो खाचेच्या दोन्ही भिंतींना अंग लावून पकडतो. त्याला साबण किंवा राळ लावली की दोन दिवस आवाज दबतो, मग त्यावर रस्त्याची माती बसते आणि तीच भिंती घासते. सपाट पट्ट्याची युक्ती या पट्ट्याला चालत नाही, एवढं तरी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

८.३०
इंजिन चालू. हेडलाइट चालू. किंचाळी सुरू. मिस्त्री बाटलीच्या झाकणाला पाडलेल्या भोकातून फिरत्या पट्ट्यावर पाण्याची बारीक धार सोडतो. पोरगा बाही वर करून बघतोय.

"पाणी पडल्यावर आवाज गेला तर काय?" मिस्त्री त्याला विचारतो.

"पुली वाकडी. लाइनीत न्हाई."

"आन् वाढला तर?"

"घसरतोय."

आवाज वाढतो. म्हणजे घसरण. ताण कमी असेल म्हणून मिस्त्री इंजिन बंद करून पट्ट्याच्या सर्वात लांब भागावर मधोमध अंगठा दाबतो. पट्टा जेमतेम १० मिलिमीटर खाली जातो. ताण ठीक आहे. आधीच्या गॅरेजात पट्टा बदलला, कसून ताणला, पैसे घेतले. आवाज मात्र राहिला.

८.५५
अल्टरनेटरच्या पट्टीचा नट ढिला होतो. अल्टरनेटर आत ढकलला की पट्टा सुटतो. मिस्त्री इंजिन पट्ट्याशिवाय अर्धा मिनिट चालवतो, जास्त नाही, कारण वॉटर पंप थांबलेला असतो. आवाज नाही. इंजिनच्या आत काही नाही, हे ठरलं. एवढ्याशा चाचणीला फार जण कंटाळतात आणि नको ते खोलून बसतात.

आता हात. वॉटर पंपाची पुली दोन बोटांनी फिरवतो, वर-खाली हलवून बघतो. मोकळी फिरते, डुलत नाही. अल्टरनेटरची फिरवतो. तीही मोकळी फिरते, खरखर नाही. बेरिंग बरी आहेत. आवाज बेरिंगचा असता तर चालत्या इंजिनात तो लांब स्क्रूड्रायव्हर बेरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाला लावली असती. आज त्याची गरज नाही.

मग तो अल्टरनेटरच्या पुलीच्या खाचेत तर्जनी घालतो. थांबतो. गाडीवाल्याला बोलावतो.

"बघा दादा. तळ चकाकतोय."

खाचेचा तळ आरशासारखा लख्ख. खाचेच्या भिंती झिजून रुंद झाल्यात, पट्टा खोल बसतोय आणि त्याचं पोट तळाला टेकतंय. तळावर टेकलेला व्ही पट्टा भिंतींना धरत नाही. कितीही ताणा, घसरणारच. वर जास्त ताणल्याने अल्टरनेटरची बेरिंग लवकर जातात, वॉटर पंपाचं सीलही. क्रँकच्या आणि पंपाच्या खाचा मळकट, कोरड्या. त्या चांगल्या आहेत.

"म्हंजे पट्टा चांगला व्हता?"

"व्हता. आता न्हाई. बाजू काचेवानी झाल्यात." मिस्त्री पट्ट्याची चकचकीत कड नखाने खरवडून दाखवतो. "ह्यो सीटखाली ठेवा, अडीनडीला."

९.३०
पुली गेवराईला मिळेल. नवी ४२०, पट्टा ३८०. गाडीवाला मोटारसायकल मागून घेतो. मिस्त्री त्याला जुन्या पट्ट्यावरचा नंबर कागदावर लिहून देतो आणि चांगल्या कंपनीचाच घ्या म्हणतो. या भागात नागपूरच्या पिक्सचे पट्टे सगळीकडे दिसतात.

तो येईपर्यंत पुली काढायची. मिस्त्रीकडे हवेवर चालणारी इम्पॅक्ट गन नाही. अल्टरनेटर बाहेर काढून तो जुनाच पट्टा पुलीभोवती गुंडाळतो आणि पट्टा व्हाइसमध्ये आवळतो, म्हणजे पुली फिरत नाही. नटावर रिंग पाना. पान्यावर हातोडीचा एक नेमका ठोका. नट सुटतो. पोरग्याला पुढची पुली अशीच काढायला लागेल, म्हणून मिस्त्री नट परत घट्ट करतो आणि त्याला मारायला लावतो. पोरग्याचे दोन ठोके पान्यावरून घसरतात, तिसरा बसतो.

११.१५
ट्रॅक्टर. मागे दोन ट्रॉल्या, रिकाम्या. दोन दिवसांत ऊसतोडीची टोळी घेऊन निघायचंय. मालक साठीचे, मिस्त्री त्यांना आबा म्हणतो. त्यांचा पट्टा ओरडत नाही, पण वाकवला की आतल्या बाजूला आडव्या भेगा दिसतात. ट्रॅक्टरमध्ये पंखा आणि वॉटर पंप याच पट्ट्यावर. ऊस भरलेल्या ट्रॉल्या ओढताना तो तुटला तर इंजिन तापतं, हेड गॅसकेट जातं, आणि परमुलखात कारखान्याच्या रांगेत टोळी बसून राहते.

"दोन द्या," आबा म्हणतात. एक लावायला, एक बरोबर न्यायला. शेडमधलेच पट्टे, ३४० ला एक. मजुरी १५०. एकूण ८३०. आबा ५०० देतात, बाकी उचल मिळाल्यावर. मिस्त्री वहीत लिहितो. कुणी काही बोलत नाही.

दुपारी १२.३०
पुली आली. ती बसवून पट्टा चढवण्याआधी मिस्त्री तिन्ही पुल्यांच्या तोंडांवर हॅकसॉचं पातं उभं टेकवून बघतो. अल्टरनेटर किंचित मागे आहे. बोल्टावरचा एक वायसर आधी कुणीतरी हरवलाय. डब्यात शोधून तेवढ्याच जाडीचा वायसर घालतो. नवी पुली, नवा पट्टा, आणि वायसर नसता तर महिन्याभरात पट्टा एका बाजूने झिजला असता.

टॉमीने अल्टरनेटर ताणून धरतो, पोरगा नट आवळतो. अंगठा दाबून बघतो. चालू. हेडलाइट, ब्लोअर, सगळं लावतो. पाण्याची धार सोडतो. फक्त इंजिनचा आवाज. दहा मिनिटांनी बंद करून परत अंगठा, परत थोडा ताण.

"किती द्यायचे?"

"तीनशे."

गाडीवाला अडीचशे म्हणतो. मिस्त्री मान हलवतो. तीनशे मिळतात. गाडीवाल्याचं सकाळचं भाडं गेलं, दुपारचं मिळेल.

दुपारी १.४५
भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. पोरग्याचा डबा मिस्त्रीच्या घरून येतो.

३ ते ६.३०
मोटारसायकली. क्लचवायर, चेनसेट, एक पंक्चर. सगळे मिळून ५४०.

संध्याकाळी ७.१०
वही. हातात आलेले १३४०. पोरग्याचे ३०० आधी त्याच्या हातात. शेडचं भाडं दिवसाला ६० पडतं, चहाचे ६०. आबांच्या दोन पट्ट्यांची खरेदी ५८०, ती गेवराईच्या दुकानदाराला द्यायची. उरतात ३४०. वहीत बाकी ३३०.

नवा पट्टा पहिल्या दिवसात थोडा ताणतो. म्हणून उद्या सकाळी पिकअपवाल्याला परत बोलावलंय, एकदा आवळून द्यायला. त्याचे पैसे मिस्त्री घेत नाही.