कापूर गेला कुठे?

मंडळी, आरती झाली, तबकातला कापूर जळाला, मागे राखही नाही. आपण म्हणतो, नाहीसा झाला. थांबा माउली, आधी तराजूला विचारा! फ्रान्सच्या लव्हाझिएने १७७४ साली काचेच्या बंद पात्रात कथील तापवलं. कथलाचं भस्म झालं, पण पात्राचं एकूण वजन तेवढंच राहिलं. कापराचंही तसंच. १५२ ग्रॅम कापूर काजळी न धरता पुरता जळताना ४३२ ग्रॅम प्राणवायू घेतो. होतो ४४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १४४ ग्रॅम पाण्याची वाफ. करा बेरीज: इकडे ५८४, तिकडेही ५८४! अणू तेच, फक्त सोबती बदलले. असलाच वायू घेऊन अंगणातली तुळस वाढते, आणि तुळशीच्या काष्ठाची माळ तुमच्या गळ्यात येते. दिसेना म्हणून संपलं, असं म्हणू नका, बापांनो.