नारळातील पाणी आणि न्यूट्रॉन

आमच्या कोकणी घरात नारळ फोडण्यापूर्वी तो कानाशी नेऊन हलविण्याची चाल आहे. कवच न फोडता आतले पाणी ओळखण्याचा हा उपाय! पण 1965 पासून चालू असलेल्या आपल्या कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातील पोलादी नळ कोण हलविणार? वेष्टणाखाली पाणी मुरून नळ गंजू लागला, तर बाहेरून कसे कळावे?

येथे न्यूट्रॉन उपयोगी पडतो. 1932 साली चॅडविक यांनी शोधलेल्या या कणावर विद्युद्भार नसतो, म्हणून तो पोलादातूनही आरपार जाऊ शकतो. हायड्रोजनशी गाठ पडली की मात्र अडखळतो. गोटी तेवढ्याच वजनाच्या गोटीवर आदळली, की आपला वेग तिला देऊन टाकते. हायड्रोजनचा अणुगर्भ जवळजवळ न्यूट्रॉनच्याच वजनाचा, आणि पाण्यात हायड्रोजन विपुल. त्यामुळे पोलादाआडचे जे पाणी क्ष-किरणांना दिसत नाही, ते न्यूट्रॉनांना सापडते.

परंतु हे कण आणावे कोठून? जोरदार झोत हवा तर अणुभट्टी हवी. ट्रॉम्बेची ‘सायरस’ 1960 साली सुरू झाली आणि 2010 च्या अखेरीस कायमची बंद पडली; पदार्थांची रचना न्यूट्रॉनांनी तपासणाऱ्या आपल्या संशोधकांचा मुख्य आधार आता 1985 ची ‘ध्रुव’. युरोपातही 2019 साली सॅक्ले व बर्लिन येथील संशोधन-भट्ट्या विझल्या. भट्टी गेली, की तिच्यावर विसंबून असलेल्या विद्यार्थ्यांनी जावे कोठे?

यावर एक आटोपशीर मार्ग निघाला आहे. प्रोटॉनांना विजेच्या बळाने वेग देऊन बेरिलियमच्या तबकडीवर आदळवावयाचे, की न्यूट्रॉन बाहेर पडतात. टोकियोजवळ वाको येथील रिकेन संस्थेत 2013 पासून असे त्वरक-यंत्र आहे. प्रोटॉनांची ऊर्जा अवघी 70 लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. सारा पसारा एका दालनात मावतो. रंगाच्या थराखाली गंजलेल्या पोलादात पाणी कसे शिरते व कसे सुकते, हे तेथे पाहण्यात आले. वीज तोडली, की झोत थांबतो. (म्हणून ते निरुपद्रवी खेळणे समजू नये, भिंती जाड लागतातच, आणि तबकडी काही काळ किरणोत्सर्गी राहते.) झोत भट्टीपेक्षा क्षीण, त्यामुळे एकेका प्रयोगाला वेळ अधिक लागतो, हा खरा तोटा. पण विद्यापीठाच्या आवारात यंत्र असेल, तर चुकलेला प्रयोग दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येईल. दूरच्या भट्टीवर पाळीची वाट पाहणाऱ्यास ही चैन परवडत नाही.

असे यंत्र पाहावयास जपानलाच जावे लागते असेही नाही. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ड्युटेरियमचे कण ट्रिटियमवर आदळवून न्यूट्रॉन काढणारे त्वरक-यंत्र उभे राहिले आहे. तेथील काम संलयन-भट्टीसाठी लागणाऱ्या पदार्थांचे. पण कोयलीहून ती जागा काही तासांच्याच वाटेवर आहे.