वेगवान मोटारीचे टायर कसे निवडावे ?

माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तरानें वेगवान मोटारींविषयीं बोलावें, याचें कित्येकांस नवल वाटेल. माझें स्वतःचें वाहन म्हणजे एक जुनी सायकल, आणि माझें शिक्षणहि मॅट्रिकपलीकडे गेलेलें नाहीं. परंतु गेल्या पावसाळ्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मला असा प्रश्न विचारला, कीं त्याचें उत्तर शोधतांना तीस वर्षें वर्गांत शिकविलेला एक धडा मला स्वतःला नव्यानें शिकावा लागला. तोच आज आपणांपुढें मांडणार आहें.

हा विद्यार्थी आतां पुण्यांत चांगल्या हुद्द्यावर आहे. त्यानें हौसेनें दोन माणसांपुरती, बुटकी अशी एक स्पोर्ट्स कार घेतली. टायर बदलण्याची वेळ आली तेव्हां दुकानदार त्याला म्हणाला, "पकड हवी ना? मग शर्यतीच्या मैदानावर वापरतात तेच घ्या. याहून चिकट टायर मिळावयाचे नाहींत." दुकानदार खोटें बोलला नव्हता. तरीहि जुलै महिन्यांत, खंडाळ्याच्या घाटांत भर पावसांत, एका साध्या वळणावर ती मोटार स्वतःभोवतीं गरकन् फिरली आणि उलट तोंड करून कठड्याशीं थांबली. शेजारीं त्याची नऊ वर्षांची मुलगी बसलेली होती. दैवानें कोणास खरचटलेंहि नाहीं. पण पुढें दोन महिने ती मुलगी त्या मोटारींत पाय ठेवीना. तो मजकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, सर्वांत अधिक पकड असलेले टायर घालूनहि मोटार घसरली कशी?"

मीं प्रथम त्याला पुस्तकांतला नियम सांगितला, आणि तेथेंच चुकलों. वर्गांत मी शिकवीत असें, कीं घर्षण हें दोन वस्तु एकमेकींवर किती जोरानें दाबल्या जातात यावर अवलंबून असतें. त्यांच्या स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नव्हे. फ्रान्समधील अमाँताँ यानें १६९९ सालीं हा नियम मांडला व पुढें कुलोंबनें तो प्रयोगांनीं दृढ केला. लांकडाच्या ठोकळ्यास तो बराचसा लागू पडतो. पण टायरासहि तो तसाच लागू असता, तर रुंद टायर घेऊन पकड वाढली नसती. मग वेगवान मोटारींचे टायर इतके रुंद कां? कारण रबर हा नियम पाळीत नाहीं. रबरावरील दाब दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाहीं, त्याहून कमीच वाढते. म्हणून तेंच वजन अधिक रबरावर पसरून दिलें, तर एकंदर पकड अधिक मिळते.

रबर रस्त्याला धरतें तें दोन प्रकारांनीं. डांबरी रस्ता डोळ्यांस सपाट दिसला, तरी तो खडीच्या बारीक टोकांनीं भरलेला असतो. वजनाखालीं रबर त्या टोकांभोवतीं दबतें आणि पूर्ववत् होण्यास किंचित् उशीर लावतें. मळलेल्या कणकेवर बोट दाबून काढलें, तर खळगा सावकाश वर येतो; तशीच ही दिरंगाई. तींत शक्ति खर्च होते, तिची उष्णता होते, आणि तोच घसरण्याला होणारा विरोध. दुसरा प्रकार चिकटण्याचा. कोरड्या, स्वच्छ पृष्ठभागाशीं रबराचे रेणू क्षणभर जोडले जातात व पुन्हां तुटतात. मध्यें पाण्याचा पातळ थर आला, कीं हा दुसरा प्रकार जवळजवळ नाहींसा होतो आणि सारी भिस्त पहिल्यावर राहते. यावरून ध्यानांत येईल, कीं कोरड्या रस्त्यावरील पकड आणि ओल्या रस्त्यावरील पकड हे दोन निराळे गुण आहेत. एकांत पहिला आलेला टायर दुसऱ्यांत नापासहि होऊं शकतो. आमच्या शाळेंत अशीं मुलें पुष्कळ असत.

आतां या पकडीला जागा किती मिळते तें पाहूं. मोटारीचें हजार-बाराशें किलो वजन चार टायरांवर असतें. पण प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो सुमारें तळहाताएवढ्याच जागेवर. वेग घेणें, वळणें आणि थांबणें, हीं सर्व कामें त्या चार तळहातांनींच करावयाचीं. ही पकड महिन्याच्या ठराविक पगारासारखी आहे. सगळी वळण्यांत खर्च केली, तर ब्रेकसाठीं कांहीं उरत नाहीं. भर वळणावर घाबरून जोरानें ब्रेक दाबणारा मनुष्य कर्ज काढून सण करीत असतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. मैदानी टायराचें रबर तापल्यावर काम करण्यासाठीं बनविलेलें असतें. शर्यतीच्या मैदानावर थोड्याच फेऱ्यांत तें तापतें व रस्त्याला घट्ट धरूं लागतें. घाटांतल्या पावसांत मात्र वाहतें पाणी त्याला सतत थंड करीत असतें. तें तापणार केव्हां? युरोप-अमेरिकेंतील थंड मुलुखांत हा प्रश्न अधिकच बिकट होतो. पारा सात अंशांच्या खालीं गेला, कीं साध्या उन्हाळी टायराचेंहि रबर ताठर होऊं लागतें, आणि गोठणबिंदूच्या आसपास कित्येक मैदानी टायरांच्या रबराला तडे जाण्याचा धोका असतो. परदेशीं राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. आपल्याकडे मात्र 'उन्हाळी' या नांवावरून गैरसमज होतो. तें नांव युरोपांतल्या ऋतूंवरून पडलेलें आहे. आमचा पावसाळा ओला असला तरी थंड नसतो. म्हणून रस्त्यासाठीं बनविलेला चांगला उन्हाळी टायरच आमच्या पावसाळ्यांत योग्य होय.

तिसरी गोष्ट पाण्याची. आणि येथें थोडें गणित करूं. टायर २२५ मिलिमीटर रुंद आहे, रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आहे, आणि वेग ताशीं ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारें २२ मीटर आहे. गुणाकार केला तर एका टायरापुढें दर सेकंदाला सुमारें १५ लिटर पाणी येतें. एक भरलेली बादली! तें वेळेवर बाजूस गेलें नाहीं, तर टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगूं लागतो. मग स्टिअरिंग फिरविलें काय आणि न फिरविलें काय, सारखेंच. या पाण्याला वाट करून देणें हें टायरावरील खांचांचें मुख्य काम. कोरड्या डांबरी रस्त्यावर खांचा पकड वाढवीत नाहींत, उलट तेवढें रबर कमी होतें. म्हणूनच शर्यतीचे कोरड्यांत वापरावयाचे टायर अगदीं गुळगुळीत असतात. जी रुंदी कोरड्यांत उपकारक, तीच पाण्यांत अधिक पाणी ढकलावयास लावते. माझ्या विद्यार्थ्याच्या टायरांना मुळांतच खांचा थोड्या व उथळ होत्या, आणि एका वर्षांत त्या झिजून दोन मिलिमीटरांवर आल्या होत्या. कायद्यानें १.६ मिलिमीटरपर्यंत मुभा आहे. पण कायद्याची मुभा पावसाला ठाऊक नसते. पावसांत जावयाचें तर खोली तीन मिलिमीटरांवर येतांच टायर बदलावे, हें शहाणपणाचें.

मग दुकानांत उभें राहून काय पाहावें? टायरच्या कडेवर बहुतेक सर्व लिहिलेलें असतें. समजा, तेथें '२२५/४५ झेड आर १७ ९१ डब्ल्यू' असें आहे. २२५ ही मिलिमीटरांत रुंदी. ४५ म्हणजे टायरची उंची रुंदीच्या शेंकडा ४५. १७ हा लोखंडी वा ॲल्युमिनियमच्या चाकाचा इंचांत व्यास. ९१ हा वजनाचा अंक. त्याचा अर्थ ६१५ किलो. डब्ल्यू म्हणजे ताशीं २७० किलोमीटर वेगापर्यंत टायर टिकेल. मोटारीच्या कारखान्यानें सांगितलेल्यापेक्षां वजनाचा अंक किंवा वेगाचें अक्षर हलकें घेऊं नये. पण त्यांवरून पकडीचा अंदाजहि करूं नये. ते टिकावाचे दाखले आहेत, पकडीचे नव्हेत.

अमेरिकन पद्धतीप्रमाणें कित्येक टायरांवर 'ट्रेडवेअर' म्हणून एक अंक असतो. प्रमाण धरलेल्या टायराला १०० मानून ही तुलना केलेली असते. २०० म्हणजे चाचणींत दुप्पट टिकणारा. अंक लहान, तितकें रबर बहुधा मऊ. मात्र हा अंक कारखाना स्वतःच ठरवितो. म्हणून एकाच कारखान्याच्या दोन टायरांची तुलना करावयास तो बरा, दोन कारखान्यांत तितकासा नव्हे. त्याच्या शेजारीं 'ट्रॅक्शन'ची एए, ए, बी किंवा सी श्रेणी असते. ती ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेंत ब्रेक लावून काढतात. वळणावरील पकडीविषयीं ती कांहीं सांगत नाहीं. युरोपांत मे २०२१ पासून टायरासोबत जी नवी चिठ्ठी येते, तींत ओल्यांतील पकडीस ए ते ई अशी श्रेणी आहे. ती मिळाली तर अवश्य पाहावी. शेवटीं चार अंकी तारीख शोधावी : २३२४ म्हणजे २०२४ सालांतील तेविसावा आठवडा. रबर वापरावांचूनहि कालांतरानें कडक होतें. म्हणून जुना सांठा स्वस्त मिळाला तरी मोह आवरावा.

निवडीचा नियम आतां सोपा झाला. टायर मोटारीच्या दिमाखासाठीं निवडूं नयेत. जो सर्वांत वाईट रस्ता आपणांस खरोखर गांठावा लागतो, त्यासाठीं निवडावे. केवळ कोरड्या मैदानावर जाणाऱ्यानें मैदानी टायर खुशाल घ्यावे. शहर, घाट आणि पाऊस ज्याच्या वाट्यास आहे, त्यानें खोल खांचांचे, ओल्यांत वरची श्रेणी मिळविणारे, रस्त्यावरचे वेगवान टायर घ्यावे. बर्फाच्या मुलुखांत राहणाऱ्यानें हिंवाळ्यापुरता निराळा संच ठेवावा. चारहि टायर एकाच जातीचे असावेत. दोनच नवे घेतले, तर ते मागें बसवावे. कारण मागचीं चाकें आधीं सुटलीं म्हणजे मोटार फिरते. हवा टायर थंड असतांना, दारावरील पट्टींत दिलेल्या आंकड्याप्रमाणें भरावी. आणि पहिले कांहीं शें किलोमीटर नव्या टायरांना सांभाळून वागवावें.

यांत किती अंतर पडतें, हें शेवटच्या गणितानें सांगतों. घर्षणांक १ धरला, तर ताशीं ८० किलोमीटरांवरून मोटार सुमारें २५ मीटरांत थांबते, ०.७ धरला तर ३६ मीटरांत, आणि ०.४ वर आला तर ६३ मीटर लागतात. मोटार तीच, ब्रेक तेच, चालकहि तोच.

माझ्या विद्यार्थ्यानें मैदानी टायर माळ्यावर टाकले व दुसरे घेतले. या पावसाळ्यांत एके दिवशीं बापलेक दोघेंहि त्याच मोटारींतून माझ्या घरीं आलीं. मीं मुलीच्या हातीं एक आगकाडी व पट्टी दिली आणि टायरच्या खांचेची खोली मोजावयास सांगितलें. तिनें पावसांत उकिडवें बसून चारहि टायर मोजले, सात मिलिमीटर भरल्याचें ओरडून सांगितलें, आणि मग दार उघडून ती आपण होऊन पुढच्या जागेवर जाऊन बसली.

आगकाडी आपल्याहि घरीं असेल. एवढें सांगून आपली रजा घेतों.