उन्हाची साठवण, पाण्यावर

अकोल्याचा पारा 45 अंशांवर गेला की वऱ्हाडातला माणूस उन्हाकडे पाठ फिरवतो. हेच ऊन बोटीच्या टपावरच्या सौर पॅनेलवर पडलं, तर इंजिनाला डिझेल लागत नाही. केरळात वैकमजवळ 2017 पासून ‘आदित्य’ ही 75 प्रवाशांची सौरबोट रोज फेऱ्या मारते. पल्ला छोटा असल्यानं तिचं काम बॅटरीवर भागतं. खरी अडचण लांबच्या प्रवासाची. रात्रीमागून रात्री आणि ढगाळ दिवस काढायचे, तर बॅटऱ्यांच्या वजनानंच बोट जड होते.

‘एनर्जी ऑब्झर्व्हर’ या फ्रेंच बोटीनं त्यावर उत्तर शोधलं. ही मुळात 1983 सालची शर्यतीची जोडनौका. तिच्यावर सौर पॅनेल बसवले आणि 2017 मध्ये ती जगप्रवासाला निघाली. पुढे स्वयंचलित शिडंही आली. दिवसा वीज उरली की बोट समुद्राचं पाणी आत घेते आणि आधी आर.ओ.तून गाळते. खारपाणपट्ट्यातल्या गावांना हे यंत्र नवं नाही. खाऱ्या पाण्याचं दुःख तिथं घरोघरी आहे. मग विजेनं त्या शुद्ध पाण्याचं विघटन होतं. ऑक्सिजन हवेत सोडून देतात. हायड्रोजन 350 बार दाबानं, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दीडशे पटींहून जास्त दाबानं, आठ टाक्यांत भरतात. सगळ्या टाक्या भरल्या तरी वायू भरतो जेमतेम 62 किलो. पण त्यातून हजारएक युनिट वीज परत मिळते.

ही वीज परत देतो फ्युएल सेल. यात जळत काहीच नाही. पातळ पडद्याच्या एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा. प्लॅटिनमच्या थरावर हायड्रोजनमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. पडदा प्रोटॉनला वाट देतो, इलेक्ट्रॉनला देत नाही. ते तारेतून वळसा घेतात, आणि तीच वीज. शेवटी उरतं पाणी आणि थोडी ऊब.

मात्र या सोयीची किंमत मोठी आहे. शंभर युनिट घालून हायड्रोजन केला, तर हाती तीसएक परत येतात. बॅटरी नव्वदच्या आसपास देते. म्हणून शहाणी बोट दोन्ही बाळगते: रोजच्या चढउताराला बॅटरी, लांबच्या अंधाराला हायड्रोजन.

फ्युएल सेलवरच्या आपल्याकडच्या कामाचा धागा पुण्यापर्यंत येतो, याचा मला मनापासून अभिमान आहे. पुण्याच्या केपीआयटी या कंपनीनं राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साथीनं फ्युएल सेलवरची बस तयार केली. ती ऑगस्ट 2022 मध्ये पुण्यात लोकांसमोर आली. कोचीन शिपयार्डनं बांधलेल्या 24 मीटर लांबीच्या, 50 प्रवाशांच्या बोटीतला फ्युएल सेलही केपीआयटीचाच. तिचं उद्घाटन फेब्रुवारी 2024 मध्ये झालं आणि पुढे ती वाराणसीच्या गंगेत उतरली. ‘एनर्जी ऑब्झर्व्हर’हून फरक असा की तिच्या टाक्या काठावर भराव्या लागतात. स्वतःचा हायड्रोजन ती बनवत नाही.

आता आपल्या पाण्याचं बोलू. महानचं काटेपूर्णा धरण असो की मोर्शीजवळचं अप्पर वर्धा, तिथले भोई बांधव रात्री मुक्काम काठावरच करतात. त्यांच्या नावेला टपावर पॅनेल आणि तळाशी बॅटरी एवढं पुरेसं आहे. शंभरातले सत्तर युनिट घालवणारी साठवण त्यांच्या माथी मारू नये. अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी सुरुवात या साध्या नावेपासून करावी.